तीनशे लिटर समुद्र

घरात समुद्र आणायचा म्हणजे आधी सोफा हलवावा लागतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. पाणी किती खारट हवं, दिवे किती तास लावायचे, प्रवाळाला कुठला कोपरा मानवतो, सगळं असतं. सोफ्याबद्दल अक्षर नाही. आमचा सोफा तेरा वर्षं एकाच भिंतीला टेकून होता आणि त्याच्याखाली काय काय निघालं ते मी सांगणार नाही, कारण ही वाचेल. एवढंच सांगतो की ज्या चष्म्यावरून मी एकदा हिच्या भावाला नाही नाही ते बोललो होतो, तो चष्मा तिथेच होता.

ही म्हणजे माझी बायको. आणि समुद्र आणायचा होता तो हिच्या वडिलांसाठी, नानांसाठी. नानांनी बंदरावर चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली. धक्क्याला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं छप्पर तीन ठिकाणी गळणारं. सासूबाई गेल्यावर ते तिथे एकटेच राहायचे. मग एके दिवशी स्वयंपाकघरात पाय घसरून पडले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फरशीवर पडूनच राहिले. शेजाऱ्याला दिवा दिसला नाही म्हणून तो डोकावला, नाहीतर काय झालं असतं ते बोलायला नको. आम्ही त्यांना आमच्या चौथ्या मजल्यावर घेऊन आलो. त्यांच्या खोलीला फिकट निळा रंग दिला, नवा पलंग घेतला, पंखा बदलला.

पाच महिन्यांत नाना दोनच शब्द बोलले. "हं" आणि "बरं." जेवायला वाढू का? हं. झोपताय ना? बरं. खोलीच्या दारात उंबरा आहे, त्याला रोज सकाळी त्यांचा अंगठा ठेचायचा. रोज ही पट्टी बदलायची आणि रोज ते म्हणायचे, "बरं."

त्यांचं घर विकायचं ठरलं होतं. घेणारा भला माणूस होता. घर पाडून गोदाम बांधणार होता. कागद मीच तयार केले, खुणेच्या रंगीत चिठ्ठ्या लावून. पण नानांसमोर कागद ठेवून पेन हातात दिलं की ते खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "हं." पेन तसंच परत यायचं. घेणारा म्हणाला, तीन महिने थांबतो, पुढे नाही. ही स्वयंपाकघरात भांडी घासता घासता रडायची आणि नळ मोठा सोडायची, म्हणजे ऐकू जाऊ नये. ऐकू यायचंच. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की म्हाताऱ्याला समुद्राची आठवण येते ना, मग समुद्रच आणू घरी. त्यांचं मन रमेल, सही होईल, हिच्या डोळ्यांचं पाणी थांबेल. एका दगडात तीन पक्षी. पक्षी कसे उडाले तेच आता सांगायचं आहे.

मी बांधकाम परवानगी विभागात आहे. लोकांचे नकाशे तपासून त्यात त्रुटी काढणं हे माझं काम, आणि स्वतःचं कौतुक म्हणून नाही, पण माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत फाईल पुढे गेल्याचं कोणाला आठवत नाही. अशा माणसाने योजना आखली की ती योजनाच असते. चाळीस पानांची वही भरली. पान सात, टाकीचं माप. पान एकोणीस, रहिवासी: सफाई करणाऱ्या लाल-पांढऱ्या कोळंब्या दोन, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा एक, प्रवाळ तीन. मासे नाहीत. नाना मासे बघून कंटाळले असतील, असा माझा विचार.

हिने वही चाळली आणि विचारलं, "यात नानांना विचारायचं कुठल्या पानावर आहे?"

"त्यांना सरप्राइज आहे," मी म्हणालो.

टाकी यायच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी आले. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून वजन साडेचारशे किलो होतं, ही बातमी त्यांना टाकी विकणाऱ्या दुकानदाराने नव्हे, तर समोरच्या काकूंनी दिली होती. त्यांना काय कळत नाही ते विचारा. सेक्रेटरी म्हणाले, "स्लॅबला एवढा भार झेपेल असा सरकारी दाखला आणा. मग खुशाल देवमासा पाळा."

दाखला आमच्याच विभागातून मिळतो. मी मनात म्हटलं, घरचंच काम. अर्ज भरून शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला दिला. चौथ्या दिवशी परत आला. लाल शाईत लिहिलं होतं: "जलसाठा तात्पुरता की कायम, याचा उल्लेख नाही. तात्पुरता असल्यास काढून टाकण्याची तारीख द्यावी. कायम असल्यास पोहण्याचा तलाव या सदराखाली नव्याने अर्ज करावा."

"अरे, तलाव काय? दिवाणखान्यात पोहणार आहे का मी?"

"साहेब, मी काय करू? अर्जाचा नमुना तुम्हीच केलाय. खाली तुमचीच सही आहे," तो म्हणाला.

खरंच होती. अकरा वर्षांपूर्वी मीच तो नमुना बनवला होता आणि त्याबद्दल मला शाबासकीचं पत्रही मिळालं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी मी पोहण्याच्या तलावासाठी अर्ज केला. त्यात जीवरक्षकाचं नाव लिहायचा रकाना होता, तिथे मी बायकोचं नाव लिहिलं. दाखला मिळाला. अजून माझ्या नावावर कागदोपत्री चौथ्या मजल्यावर एक तलाव आहे आणि दरवर्षी त्याची तपासणी होणार आहे. तपासणी अधिकारी मीच.

टाकी आली ती लिफ्टमध्ये मावली नाही. चार हमाल, पाच वळणं आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून सल्ले देणारे लोक. "तिरकी करा!" "उभी करा!" "आधी मोजायचं नाही का?" मी मोजलं होतं हो. टाकी मोजली होती, दार मोजलं होतं. लिफ्ट मोजायची राहिली, कारण लिफ्ट माझ्या नकाशात येत नाही.

मग खरा समुद्र सुरू झाला. गाळलेलं पाणी भरलं, त्यात खास मीठ ढवळलं, समुद्रातले सच्छिद्र दगड रचले, पंप लावला, दिवे लावले. निळा उजेड पडला, पाणी हलायला लागलं. मी सेक्रेटरींना, काकूंना, ऑफिसातल्या दोघांना चहाला बोलावलं. सगळे गोल करून उभे राहिले आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"कुठे आहेत?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"जे कोण आहेत ते."

मी समजावून सांगितलं की एवढ्यात कोणी नसतं. आधी सहा आठवडे पाणी तयार व्हावं लागतं, घाण पचवणारे बॅक्टेरिया वाढावे लागतात, नाहीतर आत सोडलेला जीव मरतो.

"म्हणजे आम्ही बॅक्टेरिया बघायला आलोय?" सेक्रेटरी म्हणाले.

"दिसत नाहीत ते."

"अच्छा. म्हणजे न दिसणारे बॅक्टेरिया बघायला आलोय."

त्या दिवसापासून आख्ख्या इमारतीत मला लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये एकच प्रश्न, "काय, बॅक्टेरिया बरे आहेत ना?" मी हसून मान हलवायचो. हसू नको होतं, पण माणसाने चारचौघांत राहायचं म्हणजे करावं लागतं. दुकानदाराला रोज फोन करायचो, त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "पेशन्स ठेवा, साहेब." आणि नाना? नाना ते सहाही आठवडे टाकीकडे पाठ करून, खुर्ची खिडकीकडे वळवून बसले होते. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. त्यांनी गच्ची पसंत केली.

सातव्या आठवड्यात कोळंब्या आणल्या, प्रवाळ आणलं. कोळंब्या फार गोड होत्या हो. मिशा हलवत दगडावर उभ्या राहायच्या, हात आत घातला की येऊन नखं साफ करायच्या. मी ऑफिसला निघताना त्यांना सांगून निघायचो. ही म्हणाली, "मला असं सांगून कधी गेला नाहीत." मी विषय बदलला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, पण मीठ कमी होत नाही. म्हणून वर साधं पाणी घालायचं. हे वहीच्या पान बत्तिसावर ठळक लिहिलेलं होतं. आम्ही दोन दिवस लग्नाला गेलो. नाना यायला तयार नव्हते, म्हणून त्यांच्या जेवणासाठी किल्ली आणि टाकीसाठी वही, दोन्ही काकूंकडे दिली. काकूंनी किल्ली वापरली. आम्ही परतलो तेव्हा पाणी काठोकाठ होतं आणि दोन्ही कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. प्रवाळाने अंग आखडून घेतलं होतं.

"पाणी उतरलं होतं हो," काकू म्हणाल्या. "भरलं मी. आणि बोट बुडवून चव घेतली, जरा अळणी वाटलं, म्हणून दोन मुठी मीठ टाकलं. घरचंच होतं, स्वच्छ."

बाई प्रेमाने वागली होती, तिला बोलणार काय? मी "असू दे, काकू" म्हणालो आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून बसलो. बाहेरून हिने कडी वाजवली, "अहो, कोळंब्याच होत्या." मी म्हटलं, "माहीत आहे मला." तरी दहा मिनिटं बाहेर आलो नाही. प्रवाळही चार दिवसांत एकेक करून पांढरं पडून गेलं.

पाणी बदलून बदलून पुन्हा मूळपदावर आणेपर्यंत घेणाऱ्याचे तीन महिने संपत आले. सोमवारी सही, त्याने निर्वाणीचं सांगितलं. यादीतला उरलेला एकच रहिवासी मी आणला: खेकडा. सुपारीएवढा, नारिंगी पायांचा, आणि पाठीवर एक काळपट, कड उडालेला, बाजूला भोक पडलेला शंख. एवढं भिकार घर मी नोकरीत सुद्धा पाहिलं नव्हतं. पण तो ते ओढत दगडांवर चढायचा, पडायचा, परत चढायचा. आणि तिसऱ्या दिवशी हिने मला कोपराने ढोसलं. नानांची खुर्ची चतकोर वळली होती. पाचव्या दिवशी अर्धी. ते खेकड्याकडे बघत होते. बोलत नव्हते, पण बघत होते. त्या संध्याकाळी हिने नळ मोठा सोडला नाही.

मला हुरूप आला. सोमवारची सही होणार, आता फक्त एक शेवटचा हात फिरवायचा. मी दुकानातून चार नवे शंख आणले, पांढरेशुभ्र, चकचकीत, आकाराने एक नंबर मोठे. शनिवारी संध्याकाळी वाळूत ओळीने मांडले. खेकडा आला. त्याने एकेक शंख चाचपला, फिरवला, शंखाच्या तोंडात पाय घालून आतलं माप घेतलं. अगदी भाड्याने खोली बघायला आलेल्या माणसासारखं. आणि एका क्षणात जुन्यातून निघून नव्यात शिरला! मी टाळी वाजवली.

आणि मग मी ते केलं, जे माझ्या विभागात बावीस वर्षं काढलेला माणूसच करू शकतो. आमच्याकडे नियम आहे: जुनं बांधकाम पाडून मलबा हलवल्याशिवाय नव्या घराचा ताबा देता येत नाही. मी चिमट्याने जुना शंख उचलला आणि कचऱ्यात टाकला. हिने रात्रीचं आवरताना पिशवी खाली नेऊन सोसायटीच्या मोठ्या डब्यात टाकली. मी वहीत लिहिलं, "स्थलांतर पूर्ण."

रविवारी सकाळी मी दात घासत होतो. मागून आवाज आला, "जावईबापू."

ब्रश तोंडातच राहिला. पाच महिन्यांनी, नव्हे, आता आठवा महिना चालू होता, नाना तिसरा शब्द बोलले होते.

"जावईबापू, त्याचं घर कुठंय?"

मी येऊन पाहिलं. पांढरा शंख वाळूत लवंडला होता. आणि खेकडा, अरे देवा, उघडा होता. शंखाबाहेर त्याचं मागचं शरीर असं असतं हे मला ठाऊक नव्हतं; मऊ, फिकट, पीळ पडलेलं. लाज वाटावी इतकं उघडं. नव्या शंखांकडे तो ढुंकून बघत नव्हता. जिथून मी काल जुना उचलला, त्याच जागेवर वाळूत गोल गोल फिरत होता, थांबत होता, परत फिरत होता.

"रात्रीपासनं शोधतोय तो," नाना म्हणाले. "कुठं ठेवलंत?"

"टाकलं," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं.

रविवारी कचऱ्याची गाडी लवकर येते. मी जिना कसा उतरलो ते मला माहीत नाही. पायजमा, बनियन, तोंडाला पेस्टचा फेस. गाडी फाटकाशी लागलीच होती. "थांबा, थांबा!" करत मी डब्याजवळ गेलो, आणि डबा माझ्या छातीएवढा उंच, म्हणून आत उतरलो. आता इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडं, आणि सगळ्यांच्या पिशव्या काळ्या. पिशव्या सोडत गेलो. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, कोणाचे तरी केस. सज्जांमध्ये माणसं जमली. सेक्रेटरी खाली आले, चष्मा पुसून त्यांनी मला नीट पाहिलं.

"काय हरवलंय?"

"शंख."

"मौल्यवान आहे?"

"फुटका आहे."

ते डब्याच्या आणखी जवळ आले. मग हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" आजवर हा माणूस माझ्याशी इतक्या मायेने बोलला नव्हता. गाडीवाल्याने हॉर्न दिला. वरून काकू ओरडल्या, "तुमची पिशवी सुतळीने बांधलेली असते! तुमची ही नेहमी सुतळी बांधते!" त्यांना काय कळत नाही ते विचारा, असं मी मघाशी म्हणालो, त्यातला टोमणा मी मागे घेतो. सुतळीची पिशवी तळाशी होती. चोथ्यात, एका बटाट्याच्या सालाखाली, भोक पडलेला काळपट शंख.

वर आलो. मी नळाखाली धरणार, तर नानांनी हातातून काढून घेतला. "गोड्या पाण्यानं नको." टाकीतलंच पाणी वाटीत घेऊन त्यांनी तो पाच-सहा वेळा खळबळून धुतला, अंगठ्याने आतून पुसला आणि बाही वर करून वाळूत अलगद ठेवला. ही मागे येऊन उभी राहिली होती. खेकडा जवळ आला. या वेळी मापबीप काही नाही. आला आणि सरळ पाठमोरा आत शिरला, अंग एकदा हलवून नीट बसवलं, आणि दोन मिनिटांत तेच भिकार घर ओढत दगडावर चढायला लागला.

मी कचऱ्याच्या वासासकट सोफ्यावर बसलो. "मी चांगलं घर दिलं होतं त्याला," मी म्हणालो. मला खरंच रडू येत होतं. "चार दिले होते."

"चांगलीच होती," नाना म्हणाले. "पण ह्यातलं त्याला सगळं पाठ आहे. कुठं भोक आहे, कुठं कड लागते. अंधारात उठला तरी ठेच लागत नाही."

त्यांच्या अंगठ्याला त्या सकाळची नवी पट्टी होती. हिने ती पाहिली, मीही पाहिली. पंप घुरघुरत होता.

मी आंघोळ केली आणि कपाटातून विक्रीची फाईल काढली. रंगीत चिठ्ठ्या, कोऱ्या सहीच्या जागा, सगळं अगदी निर्दोष होतं. लाल पेन घेतलं आणि वर लिहिलं: "त्रुटी क्रमांक एक. मालकाची इच्छा दिसून येत नाही. प्रकरण परत." खाली सही, तारीख. फाईल हिच्याकडे दिली. हिने वाचली, परत वाचली.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर त्रुटी काढलीत," ती म्हणाली, आणि मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

नाना आता त्यांच्या घरी आहेत. छपराची दोन भोकं मी बुजवून घेतली. तिसरं राहू द्या म्हणाले, त्याखाली बादली ठेवायची जागा ठरलेली आहे. आम्ही एक शनिवार सोडून जातो. आमच्याकडे निळी खोली आहे, नवा पलंग आहे, आणि कागदोपत्री तलाव असलेल्या टाकीत एक खेकडा आणि चार रिकामे शंख. सोफ्याला दुसऱ्या कुठल्याही भिंतीला जागा होईना, म्हणून तो टाकीसमोरच, खोलीच्या मध्यात ठेवलाय.

नियम मीच केला. नानांनी रोज सकाळी सातला फोन करायचा. नाही आला तर आम्ही निघायचं. त्यामुळे रोज पावणेसातला आम्ही दोघं त्या सोफ्यावर, समोर खेकडा, मधे फोन. ही कप हातात धरते, पीत नाही. "पुन्हा पडले तर?" असं तिने एकदाच विचारलं. मी फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला.

काल सात वाजले. सात वाजून दोन मिनिटं झाली. सात वाजून चार मिनिटं झाली तेव्हा ही उठून चपला घालायला लागली. मी गाडीची किल्ली शोधतोय, ती हातातच आहे आणि मी खिसे चाचपतोय. नानांच्या खोलीतून पाकीट आणायला धावलो आणि उंबऱ्याला अंगठा असा सणसणीत ठेचला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि फोन वाजला.

"हं, जावईबापू," पलीकडून नाना म्हणाले. मागे कुठलंतरी इंजिन धडधडत होतं. "शेजाऱ्याची बोट सुरू होत नव्हती, म्हणून उशीर झाला. काय म्हणतायत बॅक्टेरिया?"

"बरे आहेत, नाना," मी म्हणालो, आणि एका चपलेवर उभ्या असलेल्या हिच्या हातात फोन दिला.